नेब्रास्काचे प्राध्यापक आणि आमचा वखर

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, कोलंबिया गावच्या विद्यापीठाच्या शेतावर १९१७ साली दोन प्राध्यापकांनी जमिनीचे सात पट्टे आखले. प्रत्येक पट्टा ६ फूट रुंद आणि ९० फूट ९ इंच लांब, म्हणजे बरोबर एकराचा ऐंशीवा भाग. उतार ३.६८ टक्के. शंभर फुटांत पावणेचार फुटांची उतरण, उभं राहून पाहिलं तर जमीन सपाटच वाटावी. शेजारचं पाणी आत येऊ नये आणि आतलं बाहेर जाऊ नये म्हणून कडेनं अडसर घातले आणि प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या टोकाला टाकी बसवली. एका पट्ट्यात दरवर्षी मका, दुसऱ्यात दरवर्षी गहू, एकात मका, गहू आणि क्लोव्हर हे चाऱ्याचं पीक अशी फेरपालट, एकात नुसतं गवत, शिवाय नांगरून मोकळी सोडलेली जमीन. पाऊस झाला की टाकीतलं पाणी मोजायचं, ढवळायचं, नमुना घ्यायचा, तो वाळवायचा आणि उरलेली माती तोलायची. पुढच्या पावसाला पुन्हा तेच.

त्यांतले थोरले एम. एफ. मिलर. ते मृदाशास्त्राचे विभागप्रमुख होते, पुढे अधिष्ठाता झाले. धाकटे एफ. एल. ड्युली. पिकाखालच्या जमिनीतून किती पाणी आणि किती माती जाते याचा पिकागणिक हिशोब अमेरिकेत या दोघांनी पहिल्यांदा मांडला. त्यांची पहिली पुस्तिका १९२३ मध्ये निघाली, म्हणजे सहा वर्षं टाक्या ढवळून झाल्यावर.

मृद्‌संधारणाचा विषय निघाला की सगळे अमेरिकेच्या मृद्‌संधारण खात्याचे पहिले प्रमुख ह्यू बेनेट यांचं नाव घेतात, आणि ते घ्यायलाच हवं. १९३५ साली वॉशिंग्टनमध्ये खासदारांसमोर त्यांची साक्ष चालू असताना पश्चिमेकडच्या धुळीनं तिथलं आकाश काळवंडलं, ही गोष्ट कृषी महाविद्यालयात आम्हालाही सांगितली गेली होती. गोष्ट ऐकायला छान आहे. पण बेनेट यांच्या हातात जे आकडे होते त्यांची सुरुवात मिसुरीच्या त्या टाक्यांपासून झाली होती, आणि १९२९ साली अमेरिकी सरकारनं धूप-संशोधन केंद्रांसाठी १ लाख ६० हजार डॉलर मंजूर केले तेव्हा त्या केंद्रांवरही असेच पट्टे आणि अशाच टाक्या आल्या. मला ड्युली जास्त जवळचे वाटतात. कारण त्यांनी एकाच प्रश्नाचा माग आयुष्यभर घेतला, आणि शेवटी ते ज्या ठिकाणी पोचले ते आमच्या दारव्हा तालुक्यातल्या वावराच्या फार जवळ आहे.

आधी मिसुरीचे आकडे सांगतो. चौदा वर्षांच्या मोजमापाची सरासरी १९३२ साली छापली गेली. दरवर्षी मका घेतलेल्या पट्ट्यातून एकरी १९.७ टन माती वर्षाला गेली. गव्हाखालून १०.१ टन. फेरपालटीखालून २.७ टन. गवताखालून ०.३ टन. पीक न घेता नांगरून ठेवलेल्या जमिनीतून ४१ टन. हे अमेरिकी टन, आपल्यापेक्षा थोडे लहान. मक्याचा आकडा आपल्या मापात साधारण १८ टन होतो. एका एकरातून ट्रॅक्टरच्या चार-पाच ट्रॉल्या भरून माती, दरवर्षी. वरचा सात इंचांचा थर, म्हणजे नांगर जिथवर जातो तेवढी माती, या वेगानं मक्याखालून पन्नास वर्षांत संपते आणि गवताखालून संपायला तीन हजार वर्षं लागतात. पाऊस तोच, उतार तोच, माती तीच.

मला सगळ्यात हादरवणारी गोष्ट पुढची आहे. सात इंच पन्नास वर्षांत, म्हणजे वर्षाला साडेतीन मिलिमीटर. चार-पाच ट्रॉल्या माती गेली तरी जमीन साडेतीन मिलिमीटरच खाली जाते. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला हे दिसणं शक्यच नाही. वखरणी केली की ओघळ बुजतात, पेरणी झाली की वावर गेल्या वर्षीसारखंच दिसतं. टाकी बसवून मोजल्याशिवाय हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

कोलंबियाला वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही सरासरी त्याच आसपास. फरक इतकाच की आमचा बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, आणि त्या चार महिन्यांतलाही मोठा वाटा मोजक्या दिवसांत.

आमचं गाव टेकडीच्या पायथ्याशी आहे. वर बरड, मध्ये मध्यम जमीन, खाली नाल्याकाठी भारी काळी. आजोबांच्या काळी वावर एकच होतं आणि तिफन आडवी चालायची. वाटणी झाली तेव्हा पंचांनी न्यायानं केली. प्रत्येक भावाला थोडं बरड, थोडं मध्यम, थोडं भारी मिळावं म्हणून पट्टे वरून खाली पाडले. त्यात कोणाचंच चुकलं नाही. पण त्या वर्षापासून पेरणी उताराच्या दिशेनं व्हायला लागली. अरुंद पट्ट्यात आडवं वळायला बैलजोडीलाच जागा पुरत नाही, ट्रॅक्टरला कुठून पुरणार? विदर्भातल्या कितीतरी गावांत उताराला आडवी पेरणी करा म्हणून कृषी खात्याची माणसं सांगून जातात, शेतकरी मान डोलावतात आणि उभीच पेरतात. यामागे अज्ञान नाही, वाटणी आहे. हे समजून न घेता शेतकऱ्याला दोष देणारं काही वाचलं की मला राग येतो.

त्यात पीक बदललं. पूर्वी ज्वारी, तूर, मूग, कपाशी असं मिसळून असायचं. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीन आलं. सोयाबीन वाईट पीक आहे असं मी म्हणणार नाही, त्यानं आमच्या भागात कितीतरी घरांना हाती पैसा दिला. पण मृग बरसला की पेरणी होते आणि पुढचे तीन-चार आठवडे, ऐन जोराच्या पावसात, जमीन उघडी असते. पान जमिनीला झाकायला लागेपर्यंत वर्षाचा सगळ्यात मारकुटा पाऊस होऊन गेलेला असतो.

जूनच्या शेवटी नाल्यावरच्या रपट्यावर उभं राहिलं की पाणी दाट चहाच्या रंगाचं दिसतं. शेजारचे आबाजी ऐंशीच्या घरातले आहेत, त्यांना मी एकदा म्हटलं, "आबाजी, ही सगळी आपल्या वावरातली माती चालली."

ते म्हणाले, "बाप्पा, वरची माती खाली आली म्हनून तं खालचं वावर पिकते. आपल्या आज्यापासून असंच हाये."

त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. नाल्याकाठची भारी जमीन वरच्याच मातीनं झाली, हजारो वर्षांत. पण तेव्हा टेकडीवर गवत आणि झुडपं होती, माती सावकाश यायची आणि खालच्या वावरात थांबायची. आता ती थांबत नाही. नाल्यातून नदीत जाते आणि नदीतून धरणात. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत २०१७ पासून तीच माती जेसीबीनं काढून टिप्परनं वावरात परत आणली जाते. आमच्या गावातही आणली आहे. गाळ टाकलेल्या पट्ट्यात कपाशी कशी उठून दिसते ते मी पाहिलं आहे, त्यामुळे योजनेला नावं ठेवायची नाहीत. फक्त वाटतं, जी माती पावसागणिक थोडी थोडी जाते ती डिझेल जाळून परत आणण्यापेक्षा जागच्या जागी धरून ठेवणं किती स्वस्त पडलं असतं.

आणि या मातीची नोंद कुठेच होत नाही. नाला फुटून वावर खरडून गेलं तर पंचनामा होतो, जमीन खरडली म्हणून मदतही मिळते, आणि मिळायलाच पाहिजे. पण पावसागणिक जो पातळ थर जातो त्यासाठी कुठल्या कागदावर रकाना नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, मातीची खोली नसते. १९८३ साली दोन भारतीय शास्त्रज्ञांनी देशाचा अंदाज मांडला होता: हेक्टरी सरासरी १६.३५ टन माती दरवर्षी. गेली चाळीस वर्षं सगळीकडे हाच आकडा सांगितला जातो.

ड्युली मिसुरीहून कॅन्ससला गेले, तिथे प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी उताराचा प्रश्न हातात घेतला. १९३२ साली हेज या सहकाऱ्यासोबत त्यांचा जो शोधनिबंध आला त्यात त्यांनी दाखवलं की सपाटीपासून साधारण ३ टक्के उतारापर्यंत वाहून जाणारं पाणी झपाट्यानं वाढतं आणि त्यानंतर पाण्याची वाढ मंदावते. आपल्याकडे सपाट समजल्या जाणाऱ्या कितीतरी जमिनी याच शून्य ते तीनच्या दरम्यान येतात. नुकसान डोंगरउतारावर होतं, आपलं काय जातंय, असं मानून आपण जिथे निर्धास्त असतो तिथेच पाण्याचा निकाल लागलेला असतो.

मग १९३३ आलं. अमेरिकेत मंदी होती, कॅन्सस-ओक्लाहोमाकडे दुष्काळ आणि धूळ होती, आणि सरकारनं धूप रोखण्यासाठी नवं खातं काढलं. ड्युली वर्ग आणि प्रयोगशाळा सोडून उत्तर कॅन्ससमधल्या प्रात्यक्षिक प्रकल्पावर गेले. पाणलोटातल्या खऱ्याखुऱ्या शेतकऱ्यांसोबत, खऱ्या वावरांत काम. प्राध्यापकानं पंधरा-सोळा वर्षं मोजमाप केल्यावर शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन उभं राहणं मला फार मोलाचं वाटतं. पट्ट्यात सगळं आपल्या हातात असतं. शेतकऱ्याच्या वावरात वाटणी असते, जनावरं असतात, कर्ज असतं.

तिथून ते नेब्रास्का राज्यात लिंकनला आले, आणि त्यांच्या कामाचा खरा कळस इथे आहे.

तोवर सगळ्यांचा समज असा होता की पाणी किती मुरणार हे जमिनीच्या पोतावर, खोलीवर, उतारावर, आधीच्या ओलीवर ठरतं. भारी जमीन कमी पाणी घेते, हलकी जास्त घेते, असं आपणही म्हणतो. ड्युलींनी वेगवेगळ्या जमिनींवर कृत्रिम पाऊस पाडून पाहिला. जमिनीवर काडाचा, म्हणजे पिकाच्या वाळलेल्या अवशेषांचा, थर असला की पाणी सतत आणि भरपूर मुरत राहायचं. काड काढून घेतलं की थोड्याच वेळात मुरणं घसरायचं. तीच जमीन, तोच उतार, खाली तेवढीच ओल. मग त्यांनी पृष्ठभाग निरखून पाहिला. उघड्या मातीवर थेंब आपटून मातीचे कण फुटले होते, बारीक कण छिद्रांत बसले होते आणि अगदी वरच एक पातळ, घट्ट पोपडा तयार झाला होता. तो पोपडा मोडून जमीन झाकली की पाणी पुन्हा मुरायला लागायचं. १९३९ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: पाणी मुरण्याच्या बाबतीत जमिनीचा प्रकार, उतार, ओल या सगळ्यांपेक्षा या वरच्या पातळ थराचा परिणाम मोठा आहे.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या मधल्या टप्प्यातली जमीन आठवली. पेरणीनंतर एक जोराचा सपाटा येऊन गेला आणि दोन दिवस ऊन पडलं की तिथे काय होतं ते कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. बियाणं दबतं. सोयाबीनचा कोंब खाली वाकडा होऊन बसतो, वर येत नाही. मी तो पोपडा सुरीच्या टोकानं उचलून पाहिला आहे. जेमतेम एखाद्या रुपयाच्या नाण्याएवढा जाड. वरची बाजू गुळगुळीत, तिच्यावर वाहत्या पाण्यानं ओढलेल्या बारीक रेघा. खालची बाजू खडबडीत, तिला मातीची लहान ढेकळं चिकटलेली. आणि खाली, बोटभर खोलवर, माती अर्धी कोरडी. एवढा पाऊस पडून गेला होता की नाल्याला पूर आला होता, आणि बोटभर खाली माती अर्धी कोरडी! त्याच वावरात बांधालगत तुरीचा पाला कुजत पडला होता. तिथे पोपडा नव्हता, आणि सुरी मुठीपर्यंत ओलीत शिरली.

दबलेलं बियाणं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. दुबार पेरणीची धास्ती आमच्या हाडीमाशी आहे. पण ज्या पोपड्यानं बी दबलं त्याच पोपड्यानं पाणीही बाहेर ठेवलं, आणि बाहेर राहिलेल्या त्याच पाण्यानं माती नेली, ही साखळी मला ड्युलींमुळे जोडता आली.

भारी काळ्या जमिनीचं थोडं वेगळं आहे, ते सांगायला हवं. तिच्या उन्हाळी भेगा पहिला पाऊस गटागटा पितात. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर ती फारसं पाणी घेतच नाही, वर काहीही पसरा. तिथे जादा पाणी सावकाश बाहेर काढून द्यावं लागतं, म्हणून तर तिथे किंचित उतार दिलेले ढाळीचे बांध सांगतात. एका पातळीतले समतल बांध घातले की वरच्या बाजूला पाणी तुंबतं, उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटतो. फुटलेल्या बांधातून एकदम गेलेलं पाणी बांध नसता तर झालं नसतं एवढं नुकसान करतं. आमच्या शिवारात असे बांध अजून दिसतात.

बांधांचा हा इतिहास आपल्या महाराष्ट्राचाच आहे. पुण्याजवळ मांजरीला १९२३ मध्ये कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं, त्यात ना. वि. कानिटकर होते. पुढे १९३३ नंतर सोलापूर, विजापूर वगैरे ठिकाणी केंद्रं निघाली. कानिटकरांनी भारतातल्या कोरडवाहू शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि बांधबंदिस्ती हे सरकारी काम झालं. दुष्काळात लाखो हातांना या कामानं भाकरी दिली, ही लहान गोष्ट नाही. पण त्या दिवसापासून मृद्‌संधारण म्हणजे मातीकाम असं समीकरण डोक्यात पक्कं बसलं. खोदायचं, भरायचं, ब्रास मोजायचे, बिल काढायचं. कानिटकरांच्या पिढीनं बांधाइतकाच भर उथळ मशागतीवर, विरळ पेरणीवर, ओल धरण्यावर दिला होता. तो भाग मागे पडला, कारण त्याचं मोजमाप सरकारी कामाच्या नोंदवहीत चढवता येत नाही.

नेब्रास्काचा आणखी एक प्रयोग इथे सांगितलाच पाहिजे. ड्युली आणि जे. सी. रसेल यांनी १९३९ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पडीक ठेवलेल्या जमिनीत पाऊस किती साठतो ते मोजलं. नांगरून उघडी ठेवलेल्या जमिनीत पडलेल्या पावसाचा जेमतेम पाचवा हिस्सा साठला. सऱ्यांत मध्ये मध्ये आडवे बांध घालून खाचे केले, म्हणजे पाणी अडवलं, तेव्हा चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त. आणि एकरी दोन टन काड वर राहील अशी मशागत केली तेव्हा निम्म्याहून जास्त. पाणी अडवा, पाणी जिरवा ही घोषणा आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. घोषणेतली दोन्ही कामं खरी आहेत. पण अडवण्यासाठी आपण जेवढा पैसा आणि घाम घातला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा विचारही जिरवण्याचा केला नाही. पाणी अडलं म्हणजे आपोआप जिरेल असं धरून चाललो.

आता वखराकडे येतो.

काड वर ठेवायचं तर मशागत कशानं करायची, हा ड्युली-रसेल यांच्यापुढचा मोठा प्रश्न होता. फाळाचा नांगर माती उलटतो आणि काड गाडतो. म्हणून त्यांनी जमिनीच्या काही इंच खालून आडवं जाणारं पातं वापरलं. ते तणाची मुळं कापतं, माती खालून सैल करतं, आणि वरचं काड जिथल्या तिथे राहतं. व्ही-आकाराची रुंद पाती, पुढे सरळ पातीही. त्यांची चित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मोठ्यानं ओरडलो. ही तर वखराची पास आहे! लोखंडाची आडवी पास जमिनीच्या दोन-तीन इंच खालून सरकते, माती उलटत नाही, तण मुळासकट कापते. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या खांद्यावर ते अवजार शेकडो वर्षं आहे. ड्युलींना जे अवजार शोधावं लागलं ते आमच्या गोठ्याच्या आढ्याला टांगलेलं आहे.

टांगलेलं, कारण आता ते कोणी जुंपत नाही. बैलजोडी परवडत नाही. मे महिन्यात ट्रॅक्टरनं नांगरटी, मग रोटाव्हेटर. रोटाव्हेटरनं माती पिठासारखी बारीक होते, दिसायला सुंदर, आणि पहिल्याच सपाट्यात तिचा पोपडा धरतो.

पण वखराच्या काळातही काड वर राहत नव्हतं, हे मी मान्य करतो. वखराला धसकटं अडकतात, म्हणून आधी बाया धसकटं वेचायच्या, ढीग करायच्या आणि पेटवायच्या. स्वच्छ वावर ही इज्जतीची गोष्ट होती आणि आहे. ज्याच्या वावरात काडीकचरा दिसतो तो आळशी, असं पारावर बोललं जातं. अमेरिकेतही अगदी हेच होतं. काड वर ठेवणाऱ्याच्या शेतीला कचऱ्याची शेती म्हणत. चांगला शेतकरी म्हणजे स्वच्छ, काळीभोर, सरळ नांगरलेली जमीन, ही समजूत मोडायला ड्युली आणि त्यांच्यासारख्यांना वर्षानुवर्षं गावोगाव बोलावं लागलं. आणि त्यांच्या पद्धतीत अडचणीही होत्या. ओलीच्या वर्षांत काडाखाली नत्र कमी पडायचं, तण वाढायचं, उत्पादन नांगरलेल्या जमिनीपेक्षा कमी यायचं. हे सगळं त्या प्रयोगांत नोंदवलेलं आहे, लपवलेलं नाही. म्हणून मला त्या कामावर विश्वास वाटतो.

आमच्या अडचणी आणखी वेगळ्या. सोयाबीनचं कुटार जनावराच्या पोटात जातं. तुराट्या चुलीला आणि कुडाला लागतात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, वावरात ठेवायची म्हटलं तर गुलाबी बोंडअळी. २०१७ च्या हंगामात तिनं आमचं काय केलं ते विसरता येत नाही, त्यामुळे पऱ्हाटी वेळेवर उपटून तिची विल्हेवाट लावायलाच हवी. काडाखाली वाळवी लागते. बांधाला कोणी आग लावली तर सगळं एका दुपारी जळून जातं. नेब्रास्कातला गव्हाचा शेतकरी एकरी दोन टन काड सहज वर ठेवू शकत होता. आमच्या कोरडवाहू पट्ट्यात तेवढं काड पिकतच नाही, आणि जे पिकतं त्याला चार वाटेकरी असतात.

तरीही करता येण्यासारखं पुष्कळ आहे. पऱ्हाटी जाळण्याऐवजी श्रेडरनं बारीक करून पसरली तर अळीचाही बंदोबस्त होतो आणि जमीनही झाकते. काही गावांत भाड्यानं श्रेडर मिळू लागला आहे. सोयाबीनच्या चार-सहा ओळींनंतर तुरीची ओळ धरली तर सोयाबीन निघाल्यावर तुरीचा पाला जमिनीवर गळत राहतो. उभी पेरणी टाळता येत नसेल तर मध्ये मध्ये उताराला आडव्या गवताच्या पट्ट्या सोडता येतात, आणि त्यासाठी भावाभावांनी एकमेकांचे धुरे, म्हणजे हद्दीचे बांध, ओलांडून एका रेषेत पट्टी धरली पाहिजे. हे शेवटचं सगळ्यात कठीण. मृद्‌सर्वेक्षण ब्यूरोचा नकाशा किंवा विद्यापीठाची शिफारस इथे पुरत नाही, इथे घरात बसून बोलावं लागतं.

मिसुरीचे ते पट्टे १९६० च्या दशकात अमेरिकेचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाले. लढाईचं मैदान, राजवाडा किंवा किल्ला नव्हे, सहा फूट रुंदीचे शेतीचे पट्टे. त्याच विद्यापीठात १८८८ पासून चालू असलेलं एक जुनं प्रयोगक्षेत्र आहे. शंभर वर्षांनी तिथे मातीची खोली मोजली तेव्हा सतत मका घेतलेल्या तुकड्यात वरचा थर गवताखालच्या तुकड्याच्या निम्म्याहूनही कमी उरला होता. फेरपालटीच्या तुकड्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास. मिलर-ड्युलींनी टाक्या ढवळून जे सांगितलं होतं, ते शंभर वर्षांनी जमिनीनं दाखवून दिलं.

यंदा दिवाळीत मी दादाजवळ विषय काढला. आमच्या दोघांच्या पट्ट्यांत मधल्या टप्प्यावर, दोन्ही पट्ट्यांना सलग अशी एक आडवी गवताची पट्टी ठेवायची आणि तिच्या वरच्या अंगाला नांगर न लावता काडकचरा वरच ठेवून पेरायचं, खाली नेहमीसारखं. दादानं बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग विचारलं, गवताच्या पट्टीत जाणारी जागा कोणाच्या हिश्श्यातली धरायची? मी म्हटलं, दोघांच्या सारखीच. तो म्हणाला, "कुटार देणार नाही, म्हशीला लागते. तुरीचा पाला आन्‌ बारीक केलेली पऱ्हाटी ने." वहिनीनं आतून विचारलं, मग चुलीला काय? गॅस सिलिंडरच्या किमतीवरून पुढे बोलणं बरंच लांबलं. तुराट्या अर्ध्या-अर्ध्या वाटून घ्यायचं ठरलं, आणि मृगाच्या आधी गोठ्यातला वखर खाली काढून पासेला धार लावून आणायचं काम दादानं स्वतःकडे घेतलं. श्रेडर भाड्यानं आणायचा खर्च माझ्याकडे आला आहे.